वाड्यांत भरलेली शाळा

शाळांचे इतिहास बहुधा सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगीं लिहिले जातात. त्यांत इमारतीचें चित्र असतें, देणगीदारांची नामावलि असते, आणि पुढें लौकिकास चढलेल्या विद्यार्थ्यांचा अभिमानानें केलेला उल्लेख असतो. मी आयुष्याचीं सदतीस वर्षें मास्तरकींत घालविलीं. शिक्षण माझें मॅट्रिकपर्यंतचें; त्यावर मास्तरांच्या ट्रेनिंगचा एक दाखला. तेव्हां विद्वानांच्या ऐटीनें बोलण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु लहान शाळा आंतून कशी चालते, तिच्या कपाटांत काय काय असतें, आणि महिना संपत आला म्हणजे हेडमास्तरांच्या कपाळावर आंठ्या कां पडतात, हें मीं जवळून पाहिलें आहे. म्हणून आज एका लहान शाळेची हकीकत आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. ती शाळा पुढें फार मोठी झाली आणि तिचें नांव महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. परंतु मला बोलावयाचें आहे तें ती लहान होती त्या काळाविषयीं. ही शाळा म्हणजे पुण्याचें न्यू इंग्लिश स्कूल, आणि तो काळ म्हणजे सन १८८० पासून सन १८९० पर्यंतचीं दहा वर्षें.

सन १८७९ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं सरकारी शाळाखात्यांतील नोकरी सोडली. त्यांचें वय त्या वेळीं एकोणतीस वर्षांचें होतें. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे त्याच खात्यांतील नामांकित विद्वान. ते आदल्याच वर्षीं निवर्तले होते. विष्णुशास्त्र्यांची 'निबंधमाला' सन १८७४ पासून चालूं होती व तिच्यांतील टीकेची धार सर्वश्रुत होती. त्यांची बदली पुण्याहून रत्नागिरीस झाली होती. सरकारी शिक्षकास बदली नवी नसते. बिछाना बांधावा, बिऱ्हाड हलवावें, आणि नव्या गांवीं नवा फळा पुसावयास घ्यावा. पण शास्त्रीबोवांनीं बिछाना बांधला तो परत पुण्यास येण्याकरितां. आणि पुण्यास येऊन आपली स्वतःची शाळा काढण्याचा विचार त्यांनीं जाहीर केला.

इकडे डेक्कन कॉलेजांत दोन तरुण विद्यार्थी अशाच विचारांत रात्री घालवीत होते. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे ते दोघे. दोघांचाही जन्म सन १८५६ मधला. टिळक बी. ए. होऊन कायद्याचा अभ्यास करीत होते, आगरकर एम. ए. च्या अभ्यासांत होते. आगरकरांची घरची गरिबी एवढी होती कीं, या मुलानें शिकून मोठ्या पगाराची जागा धरावी यापलीकडे घरच्यांनीं दुसरी आशा केली असती तर तेंच नवल. असें असतां, आपण मोठ्या पगाराच्या मागें न लागतां पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून लोकांच्या कामीं आयुष्य वेंचणार, असें त्यांनीं आईस पत्रानें कळविलें. तें पत्र पुढें फार प्रसिद्ध झालें. मला मात्र नेहमीं वाटतें कीं, तें पत्र आईस कोणीं वाचून दाखविलें असेल, आणि वाचून झाल्यावर त्या घरांत किती वेळ कोणी बोललें नसेल?

सन १८८० च्या जानेवारीच्या आरंभीं शाळा सुरू झाली. जागा म्हणजे बुधवार पेठेंतील मोरोबादादा फडणीसांचा वाडा. हे मोरोबादादा नाना फडणीसांचे चुलतबंधु. पेशवाईच्या राजकारणांत त्यांचें नांव गाजलें होतें. शंभर वर्षांनंतर त्याच वाड्यांत इंग्रजी शब्दांचीं स्पेलिंगें आणि बीजगणिताचीं समीकरणें घोकलीं जाऊं लागलीं. ज्यांनीं जुने वाडे पाहिले असतील त्यांस अशा शाळेची कल्पना सहज येईल. वाडा हा कुटुंबासाठीं बांधलेला, शाळेसाठीं नव्हे. माजघर काळोखाचें, ओसरी उजेडाची. तेव्हां ओसरी कोणत्या वर्गास द्यावयाची हा पहिला वाद. एका वर्गाची कविता पलीकडच्या वर्गाच्या भूगोलांत मिसळते. पावसाळ्यांत चौकांत पाणी सांचतें, आणि मधल्या सुटींत मुलें त्यांत होड्या सोडतात. मी ज्या शाळेंत उमेदवारी केली तीही अशाच एका भाड्याच्या वाड्यांत भरत असे, म्हणून हें मी अनुभवानें सांगतों.

प्रारंभीं शाळेंत तीन प्रमुख माणसें होतीं: चिपळूणकर, टिळक, आणि महादेव बल्लाळ नामजोशी. नामजोशी पदवीधर नव्हते. परंतु चार लोकांकडे जाणें, पैसा उभा करणें, छापखाना आणि वर्तमानपत्र यांची व्यवस्था पाहणें, यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. प्रत्येक शाळेस असा एक नामजोशी लागतो. विद्वान् माणसें शाळेला नांव मिळवून देतात. पण भाड्याच्या तारखेस भाडें पोंचतें कीं नाहीं हें पाहणाराही कोणी तरी लागतोच. पुढें लवकरच वामन शिवराम आपटे हे संस्कृतांतील गाढे पंडित शाळेस येऊन मिळाले, आणि शाळेची अंतर्गत व्यवस्था त्यांच्याकडे आली. आगरकर एम. ए. होऊन सन १८८१ मध्यें दाखल झाले. वासुदेव बाळकृष्ण केळकर हेही याच मंडळींतले. सर्वांत वडील चिपळूणकर, आणि शाळा सुरू झाली तेव्हां त्यांनींही तिशी ओलांडलेली नव्हती!

आतां या शाळेस 'स्वतंत्र' कां म्हणावयाचें, याचा थोडा विचार करूं. नांव पाहिलें तर इंग्रजी. अभ्यासक्रम पाहिला तर तोच. कारण शेवटीं मुलांना बसावयाचें तें मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेस. पुस्तकेंही सामान्यतः तींच. मग सरकारी हायस्कूल सोडून मुलानें या वाड्यांत कां यावें? पुष्कळांना वाटतें कीं, स्वतंत्र शाळा म्हणजे कांहीं निराळेंच शिकविणारी शाळा. येथें तसें नव्हतें. येथलें स्वातंत्र्य विषयांत नव्हतें. तें शिक्षकांत होतें. वर्गांत वाक्याचें पृथक्करण शिकविणारा मनुष्य घरीं जाऊन राज्यकर्त्यांवर निर्भीड लेख लिहूं शकत होता, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या हातांत बदलीचा हुकूम पडत नव्हता. मुलास हें कोणी समजावून सांगावें लागत नाहीं. आपला मास्तर कोणाला भितो आणि कोणाला भीत नाहीं, हें मुलें पहिल्या आठ दिवसांत ओळखतात.

सन १८८१ च्या जानेवारींत याच मंडळींनीं 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' हीं पत्रें काढलीं. म्हणजे शाळा आणि वर्तमानपत्रें हीं जणूं एकाच घरांतील भावंडें. टिळक गणित आणि संस्कृत शिकवीत. गणितांत ते पुष्कळदां फळ्याचा आश्रय न घेतां तोंडींच उदाहरण सोडवीत, आणि हुशार मुलांस तें फार आवडे. सामान्य मुलांची मात्र तारांबळ उडे, अशा आठवणी सांगितल्या गेल्या आहेत. मीं सामान्य मुलांनाच गणित शिकविलें, त्यामुळें या बाबतींत माझी सहानुभूति त्या मुलांकडे जाते! आपट्यांनीं शाळेचें काम संभाळून संस्कृत लेखनाचें मार्गदर्शक पुस्तक लिहिलें, आणि पुढें सन १८९० मध्यें त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. तो कोश आजही देशोदेशींचे अभ्यासक उघडतात. शाळेचीं कामें उरकून, कंदिलाच्या उजेडांत, एका मास्तरानें तो रचला हें कितीकांस ठाऊक असेल?

श्रोतेहो, सन १८८२ हें वर्ष या शाळेच्या कसोटीचें. १७ मार्च रोजीं विष्णुशास्त्री वारले. बत्तिसावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें. ज्यांच्या नांवावर लोकांनीं विश्वासानें मुलें पाठविलीं ते गेले. त्यानंतर सुमारें चार महिन्यांनीं दुसरा घाला पडला. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयीं 'केसरी' व 'मराठा' यांत जें लिहिलें गेलें होतें, त्यावरून तेथील दिवाण माधवराव बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारें तें लिहिलें गेलें तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक आणि आगरकर या दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि ते मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत गेले. शिक्षेंत कांहीं सूट मिळून एकशेंएक दिवसांनीं, ऑक्टोबरच्या अखेरीस, ते सुटले.

आपण क्षणभर त्या वाड्याच्या ओसरीवर उभे राहूं. एक शिक्षक स्वर्गवासी झालेले, दोन शिक्षक तुरुंगांत. दारांत एखाद्या मुलाचे वडील उभे. त्यांना विचारावयाचें आहे कीं, ज्या शाळेचे मास्तर तुरुंगांत आहेत त्या शाळेंत मुलगा ठेवावा कीं काढावा? त्यांस दोष कसा द्यावा? मुलाचें मॅट्रिकचें वर्ष पुन्हां येत नाहीं. मोठीं संस्था अशा वेळीं आपल्या इमारतीच्या, फंडाच्या आणि नियमांच्या आधारानें तरून जाते. लहान शाळेस असा आधार नसतो. तिला आधार एकच: उरलेले मास्तर दुसऱ्या दिवशीं वेळेवर आले कीं नाहीं! आपटे, केळकर, नामजोशी प्रभृति मंडळी वेळेवर आली. गेलेल्यांचे तास उरलेल्यांनीं वांटून घेतले, आणि शाळा चालूं राहिली. इतिहासांत तुरुंगवासाचें वर्णन पानोपानीं सांपडतें. त्या एकशेंएक दिवसांत दुसऱ्यांचे तास घेणाऱ्यांचें वर्णन क्वचितच. पण शाळा तगली ती त्या तासांवर.

त्याच वर्षीं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण-कमिशन देशभर फिरत होतें. खुद्द हंटरसाहेबांनीं ही शाळा पाहिली. सरकारची कसलीही मदत न घेतां चाललेली ही शाळा सरकारी हायस्कुलांच्या तोडीची आहे, इतकेंच नव्हे तर परदेशांतील शाळांशींही तिची तुलना करितां येईल, असा अभिप्राय त्यांनीं दिला. वाड्यांतल्या शाळेस मिळालेलें हें प्रशस्तिपत्र तिच्या चालकांस किती मोलाचें वाटलें असेल, हें सांगावयास नको. दोन वर्षांनीं, २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. आणि २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. पहिले वर्ग भरले ते पुन्हां वाड्यांतच, गद्रे यांच्या वाड्यांत. त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले हे शाळेंत शिक्षक म्हणून आले. येथेंच शिकवीत असतां त्यांनीं अंकगणिताचें जें पुस्तक सिद्ध केलें, तें पुढें हिंदुस्थानभर चाललें.

येथवर सर्व गोड. परंतु मी मास्तर आहें, आणि हिशेब तपासल्यावांचून वही मिटावयाची नाहीं अशी मला संवय आहे. सरकारची मदत न घेतां चालणाऱ्या शाळेचा खर्च कोण सोसतो? तीन वाटा आहेत. मुलांच्या आईबापांनीं फी द्यावी; धनिकांनीं देणग्या द्याव्यात; किंवा शिक्षकांनीं कमी पैशांत काम करावें. चवथी वाट मला सदतीस वर्षांत आढळली नाहीं. न्यू इंग्लिश स्कूलनें तिन्ही वाटा धरल्या. पण भिस्त ठेविली ती तिसरीवर. सोसायटी झाल्यावर आजीव सभासदानें वीस वर्षें काम करावयाचें व महिना पंचाहत्तर रुपये घ्यावयाचे, असा दंडक पडला. याच पदवीधरांनीं सरकारी नोकरी किंवा वकिली केली असती तर याच्या कितीतरी पट पैसा त्यांस मिळाला असता.

आणि याच ठिकाणीं तडा गेला. त्यागाची मर्यादा कोणती, हा वाद निघाला. टिळकांचें म्हणणें असें कीं, आजीव सभासदानें आपला सर्व वेळ आणि सर्व शक्ति संस्थेसच द्यावी. बाहेरची मिळकत आणि बाहेरचीं कामें करूं नयेत. सर्वांस सारखा नियम असावा. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, संसार आहे, म्हातारीं माणसें आहेत, औषधपाणी आहे. शाळेचें काम चोख करून कोणीं पुस्तक लिहून चार पैसे मिळविले किंवा सार्वजनिक काम केलें, तर बिघडलें काय? याच्या जोडीला सामाजिक सुधारणेविषयींचा मतभेद होताच. आगरकरांनीं सन १८८७ मध्यें 'केसरी' सोडला व पुढच्या वर्षीं 'सुधारक' काढला. सन १८९० मध्यें गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपण पत्करलें, त्यावरून वाद विकोपास गेला, आणि टिळकांनीं विस्तृत कारणें लिहून राजीनामा दिला. जी शाळा त्यांनीं चिपळूणकरांच्या बरोबरीनें उभी केली तिच्याशीं त्यांचा संबंध त्या वर्षाअखेर सुटला.

या वादांत कोण बरोबर, हें ठरविण्यास मी बसलों नाहीं. तरुणपणीं मला टिळकांचा पक्ष पटे. लग्न झाल्यावर आणि मुलें झाल्यावर दुसरा पक्ष पटूं लागला! एवढें मात्र दिसतें कीं, दोन्ही पक्षांचीं माणसें प्रामाणिक होतीं, आणि भांडण पैशाच्या लोभाचें नव्हतें. पैशाच्या टंचाईचें होतें. टंचाई ही फार वाईट सासू आहे. चांगल्या जावांमध्येंही ती भांडण लावते. आणि तिनें घेतलेली किंमत पाहा. आपटे सन १८९२ मध्यें वारले, वय चौतिशीच्या आंत-बाहेर. आगरकर दम्यानें खंगून १७ जून १८९५ रोजीं गेले; एकोणचाळिसावें पुरें झालें नाहीं. नामजोशी सन १८९६ मध्यें गेले. शाळा सोळा वर्षांची झाली तोंपर्यंत तिच्या आद्य मंडळींपैकीं पुष्कळजण या जगांत राहिले नव्हते.

त्या शाळेच्या मंडळींनीं टंचाईचा भार आपल्या खांद्यावर घेतला. आमच्या शाळेनें तो कोणाच्या खांद्यावर घातला, हें सांगण्यासाठीं खरें तर मी आज येथें आलों आहें.

मी नोकरीस लागलों ती शाळाही सरकारी अनुदानावांचून चालत असे. गांव तालुक्याचें, शाळा चार वर्गांची, पगार कधीं वेळेवर तर कधीं दोन हप्त्यांत. आम्हांस त्याचा अभिमान होता. आपण कोणाचे मिंधे नाहीं, असें आम्ही म्हणत असूं. मी तरुण होतों, अक्षर चांगलें होतें, म्हणून फीचें पावतीपुस्तक आणि जनरल रजिस्टर हीं दोन्हीं माझ्याकडे देण्यांत आलीं होतीं. थकबाकीचा रकाना कोरा राहावा, ही माझी प्रतिज्ञा. सातवींत एक मुलगा होता. त्याचा बाप भांड्यांना कल्हई करीत गांवोगांव फिरे. मुलगा गणितांत तल्लख. व्याजाचीं उदाहरणें माझ्याआधीं सोडवी. त्याची तीन महिन्यांची फी थकली. मीं दोनदां आठवण दिली. तिसऱ्यांदा, सर्व वर्गादेखत, दप्तर घेऊन घरीं जावयास सांगितलें, आणि फी घेऊनच परत ये असें बजावलें. तो गेला. परत आला नाहीं. महिन्याभरानें मीं पटावरून त्याचें नांव कमी केलें.

जनरल रजिस्टरांत शेवटीं एक रकाना असतो: शाळा सोडण्याचें कारण. त्यांत मीं माझ्या त्या चांगल्या अक्षरांत लिहिलें, 'सतत गैरहजर'.

पंधरा-सोळा वर्षांनीं एक गृहस्थ शाळेंत आले. जन्मतारखेच्या पुराव्याकरितां त्यांना शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता. मीं ओळखलें नाहीं. नांव सांगितल्यावर ओळखलें. रजिस्टर काढलें, आणि नियमाप्रमाणें जसें आहे तसें उतरवून दिलें. रजिस्टरांत खाडाखोड करितां येत नाहीं, आणि दाखल्यांत रजिस्टरापेक्षां निराळें लिहितां येत नाहीं. त्यांनीं दाखला हातांत घेतला, शेवटपर्यंत नीट वाचला, आणि अगदीं शांतपणें विचारलें, "गुरुजी, मी गैरहजर होतों काय?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. त्यांनीं नमस्कार केला आणि ते गेले. त्या दिवसापासून शाळेचा इतिहास म्हटला म्हणजे मला देणगीदारांची नामावलि आठवत नाहीं. तो रकाना आठवतो. आमच्या स्वातंत्र्याचा खर्च त्या मुलानें सोसला होता, आणि त्याची पावतीसुद्धां मीं त्याला खोटी दिली.

पुढें आमच्या शाळेस अनुदान मिळालें. त्याबरोबर तपासनीस आले, तक्ते आले, वर्षांतून दहा वेळां भरावयाचीं तींच तीं पत्रकें आलीं. आमच्यापैकीं कांहीं जुन्या मंडळींस वाईट वाटलें. आपली शाळा आतां आपली राहिली नाहीं, असें ते म्हणत. त्यांच्या म्हणण्यांतही तथ्य होतें. पण त्यानंतर फीसाठीं एकही मूल आम्हीं दारावरून परत पाठविलें नाहीं, हेंही तितकेंच खरें. न्यू इंग्लिश स्कूलच्या चालकांनींही सोसायटी झाल्यावर सरकारी अनुदान वर्ज्य मानलें नाहीं. तेव्हां स्वतंत्र शाळा चांगली आणि अनुदानाची वाईट, किंवा याच्या उलट, असा सोपा निकाल मला देतां येत नाहीं. मी एवढेंच विचारीन कीं, शाळा कोणाच्या जिवावर चालली आहे? आणि ज्याच्या जिवावर चालली आहे त्याला तें विचारून चालली आहे काय? टिळक-आगरकरांनीं आपला भार आपण होऊन उचलला होता. त्या मुलाला कोणीं विचारलें नव्हतें.

या निमित्तानें आणखी एका शाळेचें स्मरण होतें. ती न्यू इंग्लिश स्कूलच्या बत्तीस वर्षें आधींची. तीही बुधवार पेठेंत, तीही एका वाड्यांतच भरलेली. सन १८४८ मध्यें जोतीराव फुले यांनीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. त्या शाळेला ना सरकारचा आधार, ना समाजाचा. शिकविण्याच्या पायीं त्या पतिपत्नीस जोतीरावांच्या वडिलांचें घर सोडावें लागलें. पुढें सन १८८२ मध्यें, ज्या हंटर कमिशनच्या अध्यक्षांनीं न्यू इंग्लिश स्कूलची वाखाणणी केली, त्याच कमिशनपुढें जोतीरावांनीं आपलें निवेदन सादर केलें. त्यांत त्यांनीं उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाकडे बोट दाखवून खेड्यापाड्यांतील बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. एकाच वर्षीं, एकाच शहरांतून, एकाच कमिशनच्या कानांवर या दोन गोष्टी गेल्या: एक वाड्यांत बसलेल्या मुलांची, आणि दुसरी वाड्यांत न पोंचलेल्या मुलांची. शाळेचा इतिहास लिहावयाचा तर या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत. भिडेवाड्याची ती जुनी वास्तु सन २०२३ मध्यें राष्ट्रीय स्मारकाच्या योजनेकरितां उतरविण्यांत आली. वास्तु गेली, पण मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला कीं तिचें नांव निघतेंच.

न्यू इंग्लिश स्कूलचेंही तसेंच. त्या लहान शाळेंतून पुढें काय काय निघालें, हें थोडक्यांत सांगतों. टिळकांच्या जाण्यानें गणिताची जी जागा रिकामी झाली तिच्यावर सन १८९१ मध्यें धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत आले, आणि तेथील पगारांत संसार करीत असतां सन १८९६ मध्यें त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला. सन १८९९ मध्यें केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे परत येऊन त्याच पंचाहत्तर रुपयांवर शिकवूं लागले. आणि 'न्यू इंग्लिश स्कूल' हें नांव तर महाराष्ट्रांतील कितीतरी गांवच्या पाट्यांवर चढलें. तें नांव आतां नवें नाहीं, आणि त्यांतील पुष्कळ शाळा मराठींतूनच शिकवितात. तरी पाटी कायम आहे. नांव ठेवणाऱ्यांनीं कांहीं तरी स्मरण ठेविलें असलें पाहिजे.

आतां समारोप करितों. ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या आळींत एखादी लहान शाळा असेल. मोठ्या शाळांच्या बसगाड्या तिच्या दारावरून जात असतील, आणि तिचा पट वर्षावर्षास घटत असेल. आपलीं मुलें तेथें घाला, असें मी म्हणत नाहीं. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण एखाद्या दुपारीं तेथें जा. हेडमास्तरांची परवानगी घेऊन जुनें जनरल रजिस्टर पाहावयास मागा. पहिल्या पानावर पहिल्या मुलाचें नांव असेल, तें वाचा. मग शेवटच्या रकान्यावरून बोट खालीं न्या. 'गांव सोडलें', 'नोकरीस लागला', 'सतत गैरहजर'. प्रत्येक शब्दामागें एक घर आहे. त्या पानांची एखादी नक्कल करून ठेवा, वाळवी लागण्यापूर्वीं. आणि अशा शाळेंत कोणाची फी थकली आहे काय, हें हेडमास्तरांस एकीकडे बोलावून हळूच विचारा. वर्गादेखत विचारूं नका.

त्या गृहस्थांना मी पुढें भेटलों नाहीं. ते कोठें असतील, रेडिओ ऐकत असतील कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. परंतु त्या दिवशीं त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला द्यावयाचें राहिलें आहे, तें आज देतों. नाहीं, तुम्ही गैरहजर नव्हतां. तुम्हांला आम्हीं पाठविलें होतें.